सव्वा महिन्याचा विळा

माय, काल दसरा होता आणि कालच तुझी तेरवी. आज सकाळी आपल्या गवतावर खड्डे खोदायची मशीन आली.

हे तुला सांगावं की नाही, या विचारात मी दोनदा चहा मांडला आणि दोनदा तो उतू गेला. गेलेल्या माणसाला वाईट बातमी देऊ नये म्हणतात. मग कोणाला देऊ? वस्तीत सगळे खूश आहेत. संस्थेचे साहेब खूश आहेत. गवताकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांनी हिरवा फलक लावलाय, त्यावर तुझा फोटो आहे, डोक्यावर पदर, डोळे उन्हानं बारीक केलेले. खाली मोठ्या अक्षरात एक वाक्य: ‘धरती आजारी आहे, चला तिला बरं करू या.’ आणि वाक्याखाली तुझं नाव, पारबताबाई.

हे वाक्य तू जन्मात कधी बोलली नाहीस. त्यातलं ‘आजारी’ माझं आहे. तू होतीस तोवर हे कबूल करायची माझी छाती झाली नाही. आता करते, आता तू पाठीत धपाटा घालू शकत नाहीस म्हणून.

तुझ्यावर काही लिहायचं म्हटलं की लोक विचारतात, वय किती, माहेर कोणतं, मागे कोण कोण. वय तुझं तुलाच ठाऊक नव्हतं. तू साऱ्या वस्तीची माय होतीस, सुईण होतीस आणि गवत कापणारी होतीस, बाकी मला काही लिहायचं नाही. लहानपणी मी तुला विचारलं होतं, माय, तू बाळाची नाळ पण याच विळ्यानं कापते काय? तेव्हा तो धपाटा बसला होता. “येडे, नाळीले ब्लेड रायते. इळा फक्त बाळंतिनीच्या उशाशी ठेवाचा रायते.”

तोच विळा माझ्याही उशाशी होता. माझी पोरगी झाली तेव्हा मी मंगरूळपीरच्या दवाखान्यातून पाचव्या दिवशी आईच्या घरी वस्तीवर आले. तू सकाळ-संध्याकाळ यायचीस. बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, दाराला लिंबाचा टहाळा आणि उशाशी विळा. तेल लावताना तू माझ्या पोटऱ्या अशा रगडायचीस की मी आईला हाका मारायची. आठव्या दिवशी मला कंटाळा आला आणि मी घागर घेऊन उठले, तर तू अंगणातूनच ओरडलीस. मी म्हटलं, “माय, मी काय आजारी आहे?”

“आजारी नाहीस म्हनूनच तं निजवली तुले,” तू म्हणालीस. “आजारी मानसाले औषध देतेत, सुया टोचतेत, उठवून बसवतेत. बाळंतिनीले काई कराचं नसते. तिले फकस्त राहू द्याचं असते.”

त्या वेळी मला ते नुसतं म्हातारीचं बोलणं वाटलं. मी एम.ए. होते ना.

गवताचंही तू हेच करायचीस. आपल्या वस्तीमागची ती चराईची जमीन, कागदावर ई-क्लास, तुझ्या तोंडी नुसतं ‘गवत’. दसऱ्याला गवताचं बी झडायला लागलेलं असायचं. सोनं वाटून झालं की तू तोच विळा घ्यायचीस, त्याला लिंबाचा टहाळा बांधायचीस, हळदकुंकू लावायचीस आणि वाटेवरच्या चपट्या दगडावर ठेवून यायचीस. पातं गवताकडे, मूठ गावाकडे. तिथून पुढे सव्वा महिना गवतात कोणाचा पाय नाही, ढोर नाही, शेळी नाही. कोणी विचारलं तर तुझं एकच उत्तर, “जमीन बाळंतीन हाय.” सव्वा महिना झाला की तूच विळा उचलायचीस, पहिली पेंडी तू कापायचीस आणि मग सारी वस्ती कापायला उतरायची. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. शेजारच्या गावचे शेळ्यावाले दगडावर विळा दिसला की लांबून वळसा घालायचे. इतक्या वर्षांत तो विळा कोणी चोरला नाही, आणि आपल्या वस्तीत पायातली चप्पल चोरीला जाते.

मग दिवस बदलले. पूर्वी आपल्या गवताला सगळे पडीत म्हणायचे. तलाठी म्हणायचा, मास्तर म्हणायचे, मीही म्हणायची. आता बघ, शाळेतली पोरं मातीत बिया घालून गोळे करतात, लग्नात रोपं वाटतात, मोठ्या गाड्या घेऊन माणसं निसर्ग पुन्हा उभा करायला येतात. मी अशाच एका संस्थेत दुभाषी म्हणून लागले. खरं सांगते माय, मला भल्लं बरं वाटलं होतं. आपल्याकडे बघायला कोणी येतंय, हेच पहिल्यांदा घडत होतं.

गेल्या हिवाळ्यात हाना आली. जर्मनीची, उंच, केस पांढरे, स्वभावानं गरीब. सोबत संस्थेचे बंगळूरचे साहेब, आपला सरपंच, ड्रायव्हर आणि वस्तीतले पाचसहा बाप्ये. हाना तुझ्या बाजेवर बसली आणि तिनं विचारलं, ही जमीन तुम्हाला कशी वाटते? तू क्षणभरही न थांबता बोललीस, “बाळंतिनीवानी हाय. तिले राहू द्या.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाळंतीण म्हटलं की रक्त आलं, विटाळ आला, ते सगळं या बाप्यांसमोर आणि साहेबासमोर इंग्रजीत कसं सांगू? मनात आलं, ही बाई हसेल. तिला वाटेल, कसली अडाणी माणसं. हे मी आजवर स्वतःशीही धड बोलले नव्हते, पण मला तुझी लाज वाटली, माय. त्या तेवढ्या घटकेपुरती. म्हणून मी म्हटलं, ती म्हणते जमीन आजारी आहे, तिला विश्रांती हवी.

हानाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या भाषेतही जमिनीला जखमा होतात आणि त्या भरून येतात. तिनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं, दोनदा खाली रेघ ओढली. माझं वाक्य तिच्या मनात डब्यावर झाकण बसावं तसं बसलं. मग तिनं तुला तिच्या आजीची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावात हिवाळ्यात शेतावर बर्फ पडतं आणि आजी म्हणायची, शेत गोधडी पांघरून झोपलंय, पोरांनो, दंगा करू नका. ते मी तुला जसंच्या तसं सांगितलं. तू विचारलंस, “मंग तिले उठवते कोन?” हाना म्हणाली, ऊन. तू मान हलवलीस. “आमच्या इकडं उठवाले बाई लागते.” तेही मी जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी मी सगळं खरं सांगितलं, एक वाक्य सोडून.

गाड्या गेल्यावर तू मला धरलंस. “ते गोरी रडली काहून वं? बाळंतीन म्हनलं तं हसाले पायजे. रडासारखं काय हाय त्याच्यात?”

मी म्हटलं, “तिला भावलं, माय.”

“सुमे, तू कायतरी येगळंच सांगतलं.”

“नाही वं माय. तुझं बोलणंच सांगितलं.”

तू पाटी उचललीस. शेण गोळा करायला गेलीस.

पण तू सोडणारी कुठली. त्याच आठवड्यात तू झाडू विकायला शेलूबाजारला गेलीस आणि तुझ्या नेहमीच्या जैन शेटजींना हे सारं सांगितलंस. शेटजी म्हणाले, “माय, तुमचं बरोबर आहे. आमचे महाराज पावसाळ्यात चार महिने एका गावी राहतात, गवतात पाय पडून जीव मरू नये म्हणून. तुमचा सव्वा महिना, आमचे चार.” हे तू मला फोनवर सांगितलंस, मग मी वस्तीवर आल्यावर सांगितलंस, मग पोळ्याला सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलंस. शेवटी दरवेळी एकच टोमणा, “शेटजीले दुभाष्या नाही लागला.” सगळ्या बाया हसायच्या. मीही हसायची. आतून जळायची.

जमीन आजारी म्हटल्यावर उपचार आलाच. हानाचा अहवाल गेला, वरून योजना आली. आजारी जमिनीवर झाडं लावायची. उन्हाळ्यात ग्रामसभा झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचं काय चुकलं? खड्डे खोदायला गावातच काम मिळेल, यंदा ऊस तोडायला जायला नको, असं प्रत्येकाच्या मनात. तू एकटी उठलीस. “गवतात झाड कायले? गवत काय उघडं हाय का?” साहेबांनी मला विचारलं, काय म्हणतात त्या? ती दुसरी संधी होती. मी म्हटलं, चराईची काळजी आहे त्यांना. साहेब म्हणाले, चाऱ्याची झाडंही लावू. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. तेव्हा खरं सांगायचं तर आधीचं खोटं सांगावं लागलं असतं. नोकरी गेली असती असंही नाही, माय. फक्त मान खाली गेली असती. तेवढ्यासाठी.

तुला वाटायचं का गं, की शिकलेल्या पोरीनं असं करू नये? तुझ्याशी माझं भांडण अर्धंच राहिलं. मला तुला म्हणायचं होतं की जगात सगळीकडे माणसं जमिनीबद्दल बोलतात तेव्हा अंगाचंच काहीतरी बोलतात, जखम म्हणतात, झोप म्हणतात, कूस म्हणतात, मग एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला तर एवढं काय बिघडलं? आता कळतं काय बिघडलं. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे ते काहीतरी करायला धावतात. ज्यांच्या घरी बाळंतीण आहे ते दार लोटून घेतात.

गणपती गेले आणि तू अंथरूण धरलंस. मी रजा टाकून आले. तुझ्या पोटऱ्या रगडायला बसले तर नुसती हाडं हाताला लागली. तुझं डोकं मात्र ठिकाणावर होतं. “सुमे, दसऱ्याले इळा ठेवजो. मी असन नसन. अन् त्या गोरीले खरं सांगजो.” म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू रागावलीही नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. मी दोन्हीला हो म्हटलं. सर्वपित्री अमावस्येच्या दोन दिवस आधी तू गेलीस.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मी हानाला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, लाजेचंही. दुसऱ्याच दिवशी तिचं उत्तर आलं. तू गेलीस म्हणून तिनं फार वाईट वाटून घेतलं होतं. माझ्यावर तिचा राग नव्हता. बाळंतिणीचं तर आणखीच सुंदर आहे, तिनं लिहिलं, आपण दुसऱ्या फलकावर ते घालू. खड्ड्यांचं तिच्या हातात काही नाही, ते काम आता दुसरी माणसं बघतात. मी ते पत्र तीनदा वाचलं. तुझं बोलणं शेवटी तिच्यापर्यंत पोचलं होतं आणि तिनं ते दागिन्यासारखं हातात घेऊन पाहिलं होतं. तू दागिना दिलाच नव्हतास. तू नियम सांगितला होतास.

साहेबांकडे गेले. म्हटलं, फक्त सव्वा महिना थांबा, बी जमिनीत बसू द्या, मग खोदा. ते म्हणाले, “ताई, ओल आहे तोवरच खोदाई सोपी जाते. रोपं पुढच्या पावसाळ्यात येतील. आणि आम्ही वनाला माईंचंच नाव देतोय, यापेक्षा मोठी श्रद्धांजली कोणती?” तो माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडता आलं असतं. वस्तीतल्या बायांना सांगितलं, तर कमला म्हणाली, “बुढीचं नाव निंगून राह्यलं, तुले काहून तरास होऊन राह्यला वं?” आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला चावू?

राहिलं एकच काम, विळ्याचं. ते तरी मी करेन असं मला वाटलं होतं. पण तेरवी नेमकी दसऱ्याला आली. सकाळपासून पंगती, पानं, पाहुणे, तुझ्या लेकीची रडारड, वरणाला पाणी कमी पडलं त्याचा गोंधळ. तुझ्या फोटोला सोनं वाहिलं, सगळ्यांनी एकमेकांना दिलं. विळा तुझ्या बाजेखाली होता. माझ्या एकदाही मनात आलं नाही. सगळ्या वस्तीत एकालाही आठवलं नाही, कारण ते काम तुझं होतं आणि सगळ्यांना वाटत होतं की ते आपोआप होतं.

आज मशीनचा आवाज वस्तीपर्यंत ऐकू आला तेव्हा आठवलं, तोवर दहा वाजून गेले होते. बैल गेला आणि झोपा केला. तरी मी धावले. विळा काढला, लिंबाचा टहाळा बांधला, देव्हाऱ्यातलं हळदकुंकू लावलं आणि जाऊन त्या दगडावर ठेवला. समोर ट्रॅक्टर, मागे खड्डे पाडणारी फिरकी, आणि दगडापासून पार टेकाडापर्यंत खड्ड्यांच्या ओळी. कामाची आस धरून बसलेली माणसं कडेला उभी राहून बघत होती, मशीनला एकच माणूस लागतो. खड्ड्यांतून निघालेली माती झडलेल्या बियांवर पडली होती. ओळी अगदी सरळ होत्या.

ट्रॅक्टरवाला कामरगावचा. पन्नाशीचा असेल. वळण घेऊन दगडाजवळ आला, त्याला विळा दिसला, टहाळा दिसला, आणि त्यानं मशीन बंद केली. खाली उतरला. चप्पल बाजूला काढली. हळू आवाजात विचारलं, “ताई, कोनाच्या घरी बाळंतीन हाय?”

मला रडू फुटलं. तेरा दिवसांत फुटलं नव्हतं ते तिथं फुटलं. मी जमिनीकडे बोट केलं.

त्यानं जवळच्या खड्ड्याच्या मातीतलं चिमूटभर बी उचलून पाहिलं. मग म्हणाला, “माही आजी ठेवे असा इळा. सकाळी दिसला असता तं मी मशीन खाली उतरवलीच नसती ताई. मालकाले सांगतलं असतं, नाही होत माह्याच्यानं.”

सकाळी, माय. एवढंच होतं. इंग्रजी लागणार नव्हती, पत्र लागणार नव्हतं, अहवाल लागणार नव्हता. एक विळा काल दगडावर ठेवायचा होता.

त्यानं ट्रॅक्टरच्या मालकाला फोन केला. दोन मिनिटं हो जी, हो जी केलं आणि फोन खिशात ठेवला. “माह्या हातात काय हाय,” तो मला म्हणाला, जसं काही मीच त्याला विचारलं होतं. मग त्यानं जमिनीला हात लावून कपाळाला लावला, चप्पल घातली आणि टेकाडाकडच्या उरलेल्या ओळी पूर्ण केल्या. दगडामागचा कोपरा मात्र सोडला. जाताना म्हणाला, “इथी खडक लागला म्हनून सांगतो.” तिथं खडक नाही हे त्यालाही दिसत होतं.

तो कोपरा मी पाहून आले. चार बाजा मावतील एवढी जागा. मारवेल गवत आहे, पवन्या आहे, थोडी कुसळी. तू असतीस तर विचारलं असतंस, बाकीच्या जमिनीचं काय? मला माहीत नाही, माय. पुढच्या पावसाळ्यात रोपं येतील, फोटो निघतील, मला बोलावतील आणि मी जाईन, कारण माझी नोकरी तीच आहे. साहेबांना फलकावरचं वाक्य पुसायला सांगितलंय. बघतो म्हणाले.

विळा दगडावर आहे. पातं त्या कोपऱ्याकडे, मूठ गावाकडे. सव्वा महिन्यानं मी येऊन तो उचलीन आणि पहिली पेंडी कापीन. तोवर कोणी विचारलं तर काय सांगायचं ते मला ठाऊक आहे, तुझ्या शब्दात, एक अक्षर न बदलता सांगेन. दुपारपासून दगडाशी बसले आहे. अजून कोणी विचारायला आलेलं नाही.